पेम्फिगसवर रिटक्सिमॅब: सलाइनच्या आधी, सलाइनच्या दिवशी आणि नंतर

पेम्फिगस व्हल्गॅरिस हा आजार आपल्याकडे बहुतेक वेळा ‘तोंड आले आहे’ एवढ्याच तक्रारीने घरात शिरतो. गालाच्या आतल्या बाजूला, टाळूवर, हिरड्यांवर सोलल्यासारख्या जखमा होतात. मग बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या होतात, जाईचा पाला चघळून होतो, दंतवैद्याकडे दोन फेऱ्या होतात आणि यात कित्येक आठवडे, कधी कधी महिने निघून जातात. पुढे छातीवर, पाठीवर किंवा डोक्यात केसांच्या मुळाशी लिबलिबीत फोड येऊन फुटू लागतात आणि कोणीतरी त्यांना नागीण ठरवून मोकळे होते. त्वचारोगतज्ज्ञापर्यंत पोहोचेतो रुग्णाचे जेवण तुटलेले असते आणि वजन उतरलेले असते.

ज्यांचे निदान झाले आहे आणि ज्यांना डॉक्टरांनी रिटक्सिमॅब हे जैविक औषध सुचवले आहे, अशा रुग्णांसाठी आणि विशेषतः त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. माझ्या आत्याच्या आजारपणात फाइल सांभाळण्याचे काम माझ्याकडे होते, आणि त्या वेळी एक गोष्ट स्पष्टपणे जाणवली. घरातल्या सगळ्यांचे लक्ष सलाइन लागण्याच्या दिवसावर खिळलेले असते. प्रत्यक्षात तो दिवस सर्वांत सोपा असतो. उपचार यशस्वी आणि सुरक्षित होणे हे त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांच्या तयारीवर आणि त्यानंतरच्या दीड-दोन वर्षांच्या देखरेखीवर अवलंबून असते. लेखात येणाऱ्या मात्रा या डॉक्टरांचा कागद समजून घेता यावा म्हणून दिल्या आहेत. कोणाला किती द्यायचे हा निर्णय त्यांचाच.

औषध नेमके काय करते

आपल्या त्वचेच्या वरच्या थरातील पेशी एकमेकींना डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनांनी धरून असतात. ही प्रथिने म्हणजे गोधडीचे टाके समजावेत. पेम्फिगसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा या टाक्यांविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते. डेस्मोग्लीन-३ विरुद्धची प्रतिपिंडे प्रामुख्याने तोंडात त्रास देतात, आणि डेस्मोग्लीन-१ विरुद्धचीही त्यात मिळाली की त्वचेवर फोड येतात. टाके उसवल्यामुळे थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून हे फोड पातळ कवचाचे असतात आणि लगेच फुटतात. बुलस पेम्फिगॉइड हा याचा चुलत आजार. त्यात टाके शाबूत असतात, पण अख्खी गोधडीच खालच्या अंथरुणापासून सुटते. म्हणून फोड ताठ, जाड कवचाचे असतात, खाज फार असते आणि रुग्ण बहुधा वृद्ध असतो. नावे सारखी वाटली तरी औषधयोजना वेगळी आहे. पेम्फिगॉइडसाठी अमेरिकेत २०२५ मध्ये ड्युपिलुमॅब या निराळ्या जैविक औषधाला मान्यता मिळाली आहे. त्यामुळे ‘आमच्या शेजाऱ्यांनाही फोडांचाच आजार होता, त्यांना दुसरेच इंजेक्शन दिले’ ही तुलना करून गोंधळून जाऊ नये.

१९५० च्या दशकात स्टेरॉइड उपलब्ध होण्यापूर्वी पेम्फिगसचे बहुसंख्य रुग्ण दगावत असत. स्टेरॉइडने जीव वाचू लागले, परंतु मोठी मात्रा वर्षानुवर्षे घ्यावी लागल्याने मधुमेह, ठिसूळ हाडे आणि जंतुसंसर्ग यांनी रुग्ण बेजार होत. १९८० च्या दशकात दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि सायक्लोफॉस्फामाइड ही औषधे ठराविक अंतराने सलाइनमधून देण्याची ‘पल्स’ पद्धत रूढ केली आणि भारतभर हजारो रुग्णांनी ती घेतली. आजही जुन्या रुग्णांच्या तोंडी ‘पल्स चालू आहे’ हे शब्द असतात.

रिटक्सिमॅबचा मार्ग निराळा आहे. हा प्रयोगशाळेत घडवलेला प्रतिपिंडच आहे, काही अंश उंदराचा आणि उरलेला मानवी. बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींवर सीडी-२० ही खूण असते. औषध त्या खुणेला चिकटते आणि त्या पेशी नष्ट होतात. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशी याच बी-पेशींपासून बनतात. मात्र आधीच तयार झालेल्या प्लाझ्मा पेशींवर सीडी-२० नसल्याने औषध त्यांना स्पर्श करत नाही, आणि रक्तात फिरत असलेली प्रतिपिंडेही एका रात्रीत नाहीशी होत नाहीत. एवढे लक्षात घेतले की दोन प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात: फरक दिसायला कित्येक आठवडे का लागतात, आणि इंजेक्शन दिल्यावरही स्टेरॉइड लगेच बंद का करता येत नाही.

हे औषध १९९७ मध्ये अमेरिकेत लसीका ग्रंथींच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. त्यामुळे चिठ्ठी घेऊन औषधांच्या दुकानात गेल्यावर ‘हे तर कॅन्सरचे औषध’ असे कोणी म्हटले तर घाबरून जाऊ नये. फ्रान्समधील डॉ. पास्कल जोली यांच्या गटाने ९० रुग्णांवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. रिटक्सिमॅब आणि थोड्या काळाचे स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांच्या शेवटी औषधाविना पूर्ण बरे होते. नुसत्या स्टेरॉइडच्या गटात हे प्रमाण ३४ टक्के होते. २०१८ मध्ये अमेरिकेत मध्यम ते तीव्र पेम्फिगस व्हल्गॅरिससाठी त्याला अधिकृत मान्यता मिळाली. पूर्वी सगळे उपाय थकल्यावर हे औषध काढले जात असे. आता ते सुरुवातीलाच देण्याकडे कल आहे, आणि माझ्या मते ज्याला परवडते त्याने उगीच वर्षभर थांबण्यात काही शहाणपण नाही.

पहिली पायरी: निदान कागदावर पक्के करणे

शरीराची प्रतिकारशक्ती कित्येक महिने दाबून ठेवणारे औषध केवळ नजरेच्या अंदाजावर घेऊ नये. त्यासाठी त्वचेचे दोन तुकडे तपासावे लागतात. पहिला ताज्या, शक्यतो एक दिवसापेक्षा जुन्या नसलेल्या फोडाच्या कडेचा, जो फॉर्मॅलिनमध्ये ठेवून साध्या बायोप्सीसाठी जातो. दुसरा फोडाच्या शेजारच्या वरकरणी चांगल्या दिसणाऱ्या त्वचेचा, जो डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसेन्स या तपासणीसाठी जातो. हा दुसरा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला की वाया जातो. त्यासाठी मिशेल माध्यम नावाचे वेगळे द्रावण लागते, आणि नमुना लवकर पोहोचणार असेल तर नॉर्मल सलाइनही चालते. आत्याच्या वेळी दोन्ही तुकडे एकाच प्रकारच्या बाटल्यांतून गेले, दहा दिवसांनी ‘तपासणी अशक्य’ असा शेरा आला आणि पुन्हा टाके घालावे लागले. ‘दुसऱ्या नमुन्याची बाटली वेगळी आहे ना?’ एवढे विचारून घ्यावे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

रक्तातील डेस्मोग्लीन-१ आणि ३ ची एलायझा तपासणी उपचारापूर्वी झाली तर पुढे तुलनेला उपयोगी पडते. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादीही डॉक्टरांना दाखवावी, कारण पेनिसिलामाइन आणि कॅप्टोप्रिल यांसारख्या काही औषधांनी हा आजार उद्भवू शकतो.

दुसरी पायरी: मात्रा आणि पद्धत समजून घेणे

सध्या सर्वाधिक रूढ असलेल्या पद्धतीत १००० मि.ग्रॅ.ची एक सलाइन आणि पंधरा दिवसांनी तेवढीच दुसरी दिली जाते. हिला ‘संधिवाताची पद्धत’ म्हणतात. शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरमागे ३७५ मि.ग्रॅ. याप्रमाणे आठवड्याला एक अशा चार सलाइन देणे ही ‘लिम्फोमाची पद्धत’. आपल्याकडे खर्चाचा विचार करून ५०० मि.ग्रॅ.च्या दोन मात्राही काही ठिकाणी दिल्या जातात. त्यांचाही उपयोग होतो, परंतु आजार उलटण्याची शक्यता डोळ्यासमोर ठेवून तो निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्यावा. पहिल्या दोन मात्रांनंतर बाराव्या महिन्यात आणि पुढे दर सहा महिन्यांनी ५०० मि.ग्रॅ.ची राखण मात्रा देण्याची शिफारस औषधाच्या माहितीपत्रकात आहे. प्रत्यक्षात अनेक डॉक्टर रुग्णाची स्थिती पाहून ती द्यायची की नाही ते ठरवतात.

सोबत प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या चालतात. वर उल्लेखिलेल्या फ्रेंच अभ्यासात मध्यम आजाराला दर किलो वजनामागे अर्धा मि.ग्रॅ. आणि तीव्र आजाराला एक मि.ग्रॅ. देऊन ते अनुक्रमे तीन आणि सहा महिन्यांत उतरवत नेले होते. ६० किलोच्या रुग्णासाठी म्हणजे सुरुवात ३० किंवा ६० मि.ग्रॅ.ची.

खर्चाबद्दल थोडक्यात. डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ मध्ये ‘रेडिटक्स’ बाजारात आणल्यापासून भारतात या औषधाच्या समकक्ष आवृत्त्या मिळतात आणि मूळ परदेशी औषधापेक्षा त्या बऱ्याच स्वस्त असतात. छापील किमतीत आणि प्रत्यक्ष मिळणाऱ्या किमतीत मोठा फरक असू शकतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी चौकशी करावी. मुंबईतील केईएम, सायन, नायर, जे.जे., पुण्याचे ससून, नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि गोव्यात बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) यांसारख्या शिक्षण रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. महाराष्ट्रातील रुग्णालयांत महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून काही मदत होते का, हे तेथील आरोग्यमित्राला केस पेपर दाखवून विचारावे. विमा असल्यास ‘डे केअर’ म्हणून मंजुरी आधी घ्यावी. सलाइन लागल्यावर धावाधाव करू नये.

तिसरी पायरी: तयारीचे दोन-तीन आठवडे

संपूर्ण उपचारात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हीच पायरी, आणि घाईत सर्वाधिक गाळल्या जाणाऱ्या गोष्टीही येथेच असतात.

सर्वप्रथम हेपटायटिस बी. ही कावीळ पूर्वी कधी होऊन गेली असेल, रुग्णाला त्याची कल्पनाही नसेल, तरी विषाणू यकृतात निद्रिस्त राहू शकतो. बी-पेशी नाहीशा झाल्या की तो पुन्हा उसळतो आणि यकृत निकामी होऊन मृत्यूपर्यंत प्रकरण जाऊ शकते. औषधाच्या माहितीपत्रकात हा इशारा ठळक चौकटीत छापलेला असतो. आपल्या प्रयोगशाळा सर्रास जी ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ची तपासणी करतात, तेवढ्याने भागत नाही. तिच्या जोडीला अँटी-एचबीसी टोटल ही तपासणी हवीच, कारण लपलेला जुना संसर्ग तिच्यातच दिसतो. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे रिटक्सिमॅबचा मार्ग बंद झाला असे नाही. यकृततज्ज्ञांच्या सल्ल्याने एन्टेकाविर किंवा टेनोफोविर हे विषाणूरोधक औषध सुरू करून आणि शेवटच्या सलाइननंतर किमान वर्षभर चालू ठेवून उपचार करता येतो. रुग्णाला नुकतेच इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन दिले असेल तर ही तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्त त्याआधी काढावे. यासोबत हेपटायटिस सी आणि एचआयव्ही.

मग क्षयरोग. छातीचा एक्स-रे आणि मॅन्टू किंवा इग्रा तपासणी केली जाते. क्षय उफाळण्याचा धोका खुद्द रिटक्सिमॅबपेक्षा सोबतच्या स्टेरॉइडने अधिक असतो, पण रुग्णाच्या शरीराला हा भेद कळत नाही. घरात कोणाला क्षय होऊन गेला असेल तर ते आठवणीने सांगावे. आपल्याकडे ही गोष्ट अजूनही लपवली जाते. स्ट्राँगिलॉइडिस नावाचा आतड्यातील जंत स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेत जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे, विशेषतः शेतात अनवाणी वावरणाऱ्या रुग्णांना, डॉक्टर आधी आयव्हरमेक्टिन किंवा अल्बेंडॅझोल देतात.

रक्ताची संपूर्ण गणना, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी या नेहमीच्या तपासण्या होतातच. त्यांत आयजीजी या इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या प्रतिपिंडांची, पातळी जोडून घ्यावी. ती सुरुवातीलाच कमी असेल तर पुढे संसर्गाचा धोका वाढतो, आणि सुरुवातीचा आकडाच नसेल तर वर्षाने आलेल्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही. वय जास्त असेल किंवा हृदयविकार असेल तर ईसीजी आणि टू-डी एको करावा. किडलेले दात, लघवीचा संसर्ग, पायाची जुनी जखम, नखातली बुरशी यांचा निकाल आधी लावावा. तोंडात जखमा असताना दंतवैद्याकडे जाणे नकोसे वाटते, हे खरे आहे. तरीही पू झालेला दात तसाच ठेवून हे औषध घेऊ नये.

लसींचे गणित वेळेवर बेतलेले आहे. नवीन लसीला प्रतिसाद देणाऱ्या बी-पेशीच काही काळ शिल्लक राहणार नसल्याने फ्लू, न्यूमोकोकस, हेपटायटिस बी आणि नागिणीची नवी, जिवंत विषाणू नसलेली लस या शक्यतो पहिल्या सलाइनच्या किमान चार आठवडे आधी घ्याव्यात. गोवर, कांजण्या, पीतज्वर यांसारख्या जिवंत विषाणूंच्या लसी या उपचाराच्या काळात घेऊ नयेत. मात्र अंगभर जखमा असलेल्या रुग्णाला लसींसाठी महिनाभर ताटकळत ठेवणे योग्य नाही. तेथे डॉक्टर आजाराला अग्रक्रम देतात, आणि ते बरोबरच आहे.

मूल होण्याच्या वयातील स्त्रियांनी गर्भचाचणी करून घ्यावी आणि उपचार चालू असताना व शेवटच्या मात्रेनंतर १२ महिने गर्भनिरोधन पाळावे. स्तनपान शेवटच्या मात्रेनंतर सहा महिने टाळण्याची शिफारस आहे. अनेक घरांत सासूबाईंच्या देखत हा विषय निघत नाही, म्हणून रुग्णाने किंवा पतीने डॉक्टरांना स्वतंत्रपणे भेटून बोलावे.

चौथी पायरी: सलाइनचा दिवस

औषध रुग्णालयातूनच मिळत असेल तर उत्तम. बाहेरून आणायचे असल्यास ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिले पाहिजे: थर्माकोलच्या डब्यात आइस पॅकसह आणावे, पण बाटली बर्फाला थेट चिकटू देऊ नये, कारण गोठलेले औषध निकामी होते. बाटली हलवू नये. बाजारात १०० आणि ५०० मि.ग्रॅ.च्या बाटल्या येतात, म्हणजे एका वेळी ५०० च्या दोन लागतात. बिलावर बॅच नंबर लिहून घ्यावा आणि खोक्यावरील लेबल फाइलमध्ये चिकटवून ठेवावे.

रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी सकाळची गोळी घ्यायची की नाही, हे आदल्या दिवशीच विचारावे. सलाइन चालू असताना रक्तदाब उतरू शकतो, म्हणून ती गोळी १२ तास आधीपासून थांबवण्याची सूचना अनेकदा दिली जाते. हलका नाश्ता करून जावे. सैल बाह्यांचा जुना सुती कपडा, अंगावर घ्यायला चादर आणि जखमांना चिकटणार नाही असे मऊ धुतलेले धोतर किंवा लुगडे सोबत असावे.

सुमारे अर्धा तास आधी पॅरासिटामॉल, एव्हिलसारखे ॲलर्जीविरोधी औषध आणि शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन १०० मि.ग्रॅ. दिले जाते. मग पहिली सलाइन ताशी ५० मि.ग्रॅ.च्या वेगाने सुरू होते आणि त्रास नसेल तर दर अर्ध्या तासाने वेग तेवढाच वाढवत ताशी ४०० पर्यंत नेला जातो. या हिशेबाने १००० मि.ग्रॅ. जायला सव्वाचार तास लागतात. दुसरी सलाइन ताशी १०० पासून सुरू होते आणि सव्वातीन तासांत संपते. तयारी आणि नंतरची देखरेख धरून दिवस मोडतो, हे गृहीत धरावे. ‘लवकर सोडा, गाडी चुकेल’ असे म्हणून परिचारिकेला वेग वाढवायला लावणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्यांच्यापेक्षा रुग्ण एकटा आलेला बरा.

थंडी वाजणे, ताप, अंगाला खाज, घशात खवखव, डोके जड होणे हे त्रास पहिल्याच वेळी जास्त दिसतात. अशा वेळी सलाइन थांबवून, औषध देऊन, बरे वाटल्यावर निम्म्या वेगाने पुन्हा चालू करतात. श्वास अडकणे, छातीत दुखणे, ओठ किंवा चेहरा सुजणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे यांपैकी काहीही जाणवले तर त्याच क्षणी सांगावे. आत्या ‘उगाच कशाला त्रास’ म्हणून अर्धा तास थंडी सोसत राहिली होती. या पिढीतल्या बायकांच्या शेजारी कोणीतरी बसून दर पंधरा मिनिटांनी विचारणे हाच त्यावर उपाय. त्रास २४ तासांपर्यंत केव्हाही होऊ शकतो, त्यामुळे लांबच्या गावाहून आलेल्यांनी ती रात्र शहरातच मुक्काम करावा.

पाचवी पायरी: पहिले तीन महिने

दोन सलाइन झाल्या आणि आठवड्याने तोंडात नवी जखम दिसली की ‘औषध लागू पडले नाही’ असा निष्कर्ष घरात निघतो. तो चुकीचा असतो. नवीन फोड येणे थांबून जुने सुकू लागणे, याला आजार ताब्यात येणे म्हणतात. त्याला काही आठवडे लागतात, आणि पूर्ण बरे व्हायला कित्येक महिने. त्वचेच्या मानाने तोंड उशिरा बरे होते.

या मधल्या काळात जीव सांभाळण्याचे काम जखमांची निगा, आहार आणि स्टेरॉइडची शिस्त या तीन गोष्टी करतात. अंगावरील जखमा पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने धुवाव्यात. स्फटिक पूर्ण विरघळलेले असावेत, कारण न विरघळलेला कण त्वचा जाळतो. नंतर व्हॅसलिनयुक्त जाळीची पट्टी लावावी, कापूस कधीही लावू नये. अंगभर सोलवटलेल्या रुग्णाला चादर चिकटते, तेथे केळीची पाने अंथरण्याची पद्धत भारतीय रुग्णालयांत वापरली जाते आणि ती नुसती आजीबाईची युक्ती नाही: सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात भाजलेल्या जखमांवर केळीच्या पानाच्या ड्रेसिंगचा रीतसर अभ्यास झालेला आहे. पान निर्जंतुक केलेले असावे, एवढी अट मात्र पाळावी. हळद, तुळशीचा रस, राख किंवा कोणताही लेप उघड्या जखमेवर लावू नये.

तोंडासाठी गुरगुट्या भात, मुगाची पातळ खिचडी, नाचणीची कोमट आंबील, दुधात भिजवलेली पोळी, मऊ उकडलेले अंडे असे जेवण सोसते. भाकरीचा पापुद्रा, चिवडा, पापड, तिखट रस्सा आणि आंबट ताक झोंबते. जखमांतून प्रथिने वाहून जात असल्याने डाळ, अंडी, दूध यांचे प्रमाण वाढवावे लागते. ‘फोड आहेत, अंडे उष्ण पडेल’ हा समज येथे नुकसान करतो. जेवणापूर्वी सुन्न करणारे जेल, आणि स्टेरॉइडची गोळी पाण्यात विरघळवून गुळण्या करून थुंकणे, हे उपाय डॉक्टर सांगतात. तोंडात दह्यासारखा पांढरा थर आला तर ती बुरशी असते, पेम्फिगस नव्हे.

प्रेडनिसोलोन सकाळी न्याहारीनंतर घ्यावे, साखर आणि रक्तदाब घरी नियमित मोजावा, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालू ठेवावे. बरे वाटले म्हणून किंवा चेहरा सुजला म्हणून गोळी एकदम बंद करू नये: काही आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळाले की शरीर स्वतःचे बनवणे थांबवते, आणि अचानक बंद केल्यास रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येतो. न्यूमोसिस्टिस हा फुप्फुसाचा संसर्ग टाळण्यासाठी अनेक डॉक्टर को-ट्रायमोक्साझोल हे सल्फायुक्त औषधही देतात. सल्फाची ॲलर्जी असल्यास आधी सांगावे.

सहावी पायरी: पुढची दोन वर्षे

बी-पेशी साधारण सहा ते बारा महिन्यांत परत येऊ लागतात. तोपर्यंत रक्ताची गणना आणि यकृताच्या चाचण्या सुरुवातीला महिन्याला आणि मग दर तीन महिन्यांनी होत राहाव्यात. काही रुग्णांत सलाइननंतर कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पांढऱ्या पेशी अचानक उतरतात. रुग्णाला बाहेरून काहीच जाणवत नाही आणि केवळ रिपोर्टमध्ये ते कळते. प्रत्येक पुढच्या मात्रेपूर्वी आयजीजीची पातळी पुन्हा पाहावी.

शंभराच्या वर ताप चढला तर घरच्या घरी क्रोसिन देऊन वाट पाहू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि ‘रिटक्सिमॅब अमुक तारखेला घेतले आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगावे. नव्या ठिकाणच्या डॉक्टरांना हे कळण्याचा दुसरा मार्ग नसतो, म्हणून तशी चिठ्ठी पाकिटात ठेवलेली बरी. कोविडच्या काळात हे औषध घेतलेल्यांचा आजार अधिक गंभीर झाला आणि लसीला प्रतिसादही कमी मिळाला, हे लक्षात घेऊन गर्दीत मास्क वापरावा. बोलण्यात अडखळणे, एका बाजूची शक्ती जाणे, नजर अंधुक होणे, वागण्यात बदल होणे ही मेंदूच्या एका अत्यंत विरळ पण गंभीर संसर्गाची लक्षणे असू शकतात. असे काही दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे.

आजार उलटतो, आणि त्यात कोणाचा दोष नसतो. मात्र प्रत्येक पुरळ म्हणजे उलटणे नव्हे. तज्ज्ञांनी ठरवलेली व्याख्या अशी: महिन्याभरात तीन किंवा अधिक नवीन जखमा, ज्या आठवड्याभरात आपोआप बऱ्या होत नाहीत, किंवा जुन्या जखमांचे पसरणे. जुनी जखम एकाएकी दुखू लागली, तिच्या कडेला बारीक टोचल्यासारखे खड्डे दिसले किंवा पू आला, तर आधी नागिणीच्या जातीचा विषाणू किंवा जिवाणू यांचा संसर्ग तपासावा. स्टेरॉइड वाढवण्याची घाई केल्यास संसर्ग आणखी फोफावतो. डेस्मोग्लीनच्या आकड्यांनीही हुरळून किंवा हादरून जाऊ नये: डेस्मोग्लीन-१ चा आकडा त्वचेच्या आजाराबरोबर बराचसा हलतो, पण डेस्मोग्लीन-३ चा आकडा पूर्ण बऱ्या झालेल्या माणसातही वरच राहू शकतो. उपचार रुग्णावर करायचा असतो, रिपोर्टवर नव्हे.

खरोखर उलटला तर पुन्हा १००० मि.ग्रॅ.ची मात्रा देता येते, परंतु आधीच्या सलाइनपासून किमान १६ आठवडे झालेले असावेत. तयारीच्या तपासण्या जुन्याच आहेत म्हणून टाळू नयेत. आणि ज्यांना हेपटायटिस बी साठी गोळ्या चालू आहेत, त्यांनी त्या कधी थांबवायच्या याची तारीख यकृततज्ज्ञांकडून लिहून घ्यावी. हा विषाणू शेवटच्या सलाइननंतर २४ महिन्यांपर्यंत उसळल्याची नोंद आहे. तोवर त्वचा स्वच्छ झालेली असते, त्वचारोगतज्ज्ञाकडच्या फेऱ्या थांबलेल्या असतात, आणि यकृताच्या तपासणीची आठवण करून देणारे कोणी उरलेले नसते. म्हणून ती तारीख फाइलच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावी.